खिळे जुळवणारे गेले, मुद्रितशोधकही गेले: मराठी छपाईत पीसीने नेमकं काय केलं?

ट्रेडलवाला

संगणकाने जग कसं बदललं हा विषय निघाला की गाडी थेट हिंजवडीला जाऊन थांबते. आयटी, अमेरिका, पगार. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात पीसी त्या वाटेने आलाच नाही. तो एकीकडून बँकेत आला आणि दुसरीकडून छापखान्यात. बँकेतला काचेच्या खोलीत, चपला बाहेर काढून बघायचा. छापखान्यातला मात्र सगळ्यांसमोर. लग्नपत्रिका करायला आलेली मंडळी पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसायची आणि "आमच्या मोठ्या मामांचं नाव जरा ठळक करा" म्हणून ऑपरेटरच्या खांद्यावरून बोट दाखवायची. आधी असं कोणी जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, सांगितलं असतं तर त्याने स्टिक खाली ठेवून चहाला जाणं पसंत केलं असतं.

वडिलांचा ट्रेडलचा (पायाने चालवायच्या छपाई यंत्राचा) छापखाना, नंतर माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं लावायचं, दुकान. दोन्हीकडे हात काळे केलेत म्हणून लिहितो.

खिळ्यांचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाकडी केस, तिला बारीक बारीक खण, प्रत्येक खणात एका अक्षराचे शिशाचे खिळे. इंग्रजीला काम थोडक्यात भागतं. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं धरून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जातात. जुळारी उभ्याने एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ लावणार, ओळी गॅलीत म्हणजे लांब तबकात, गॅली सुतळीने बांधून त्यावर रूळ फिरवून पहिलं प्रूफ. ते मुद्रितशोधकाकडे. दुरुस्त्या, दुसरं प्रूफ. मग फर्मा, म्हणजे एकत्र छापायची पानं, मशीनवर. छापून झालं की सगळे खिळे पुसून परत आपापल्या खणात. हे शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, पण ते नीट झालं नाही तर पुढच्या पुस्तकात 'म'च्या जागी 'भ' येणारच.

आता मुद्दा. जुळारी उलटं अक्षर सरळ वाचायचा, आणि वाचताना त्याला कळायचंही. चौथी-पाचवी शिकलेले जुळारी मी पाहिलेत, जे प्राध्यापकांच्या हस्तलिखितातली ऱ्हस्व वेलांटी न विचारता दीर्घ करायचे, आणि बहुतेकदा तेच बरोबर असायचं. म्हणजे लेखकाच्या मजकुरावर छापण्याआधी किमान दोन परक्या माणसांची नजर पडत होती. कोणी उपकार म्हणून नव्हे. यंत्रच असं होतं की त्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

१९८४ मध्ये अ‍ॅपलचं मॅकिन्टॉश आलं. १९८५ मध्ये लेझररायटर हा प्रिंटर आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर. इंचाला ३०० ठिपके, पडद्यावर दिसेल तसंच कागदावर. डेस्कटॉप पब्लिशिंग म्हणतात ते इथून सुरू झालं. आपल्याकडे मॅक परवडणारे थोडे. बाकीच्यांनी जुळवलेला पीसी, त्यावर पेजमेकर आणि एखादा मराठी फॉन्टसंच असं दुकान थाटलं. फॉन्टसंचाबरोबर पीसीच्या मागे लावायचं एक छोटं लॉक यायचं. ते काढलं की मराठी बंद. दुकानाला कुलूप लावताना मी आधी ते लॉक खिशात घालायचो.

चार माणसांची कामं एका टेबलावर आली. जुळारी, पान लावणारा, चौकटी आणि नक्षी करणारा, आणि नकळत मुद्रितशोधकसुद्धा. पहिल्या तिघांचं काम यंत्राने खरंच सोपं केलं. चौथ्याचं काम यंत्राने केलंच नाही, ते फक्त कोणाच्याच नावावर राहिलं नाही. चूक दुरुस्त करणं इतकं स्वस्त झालं की "नंतर बघू" हीच पद्धत पडली, आणि नंतर कोणी बघत नाही.

पुढे हेच सगळीकडे झालं असं माझं मत आहे. पीसीने काम संपवलं त्याहून जास्त काम दुसऱ्याच्या टेबलावर सरकवलं. साहेब स्वतःचं पत्र स्वतः टाइप करतो, लेखक स्वतःचं पुस्तक स्वतः लावतो, प्रवासी स्वतःचं तिकीट स्वतः काढतो. मजुरी वाचली, पण ती करणाऱ्याला मिळाली नाही.

तुमच्या धंद्यात, कचेरीत काय झालं ते लिहा. जुन्या आठवणी नकोत असं नाही, पण त्यात काम कसं बदललं तेही येऊ द्या.

---

निवृत्त_कॅशियर

छान लिहिलंय. पण बँकेपुरता तुमचा सूर मला मान्य नाही.

आमच्याकडे संगणकाला विरोध करणाऱ्यांत मी होतो. संघटनेच्या सभांना घोषणा दिल्यात. बँकांच्या संगणकीकरणावरचा १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल आला, मग करार झाले, आणि शाखेत एएलपीएम (अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन) नावाची यंत्रं आली. नाव भारदस्त, काम खातेवहीत नोंदी करण्याचं. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. ज्यांना तेव्हा काढलं नाही त्यांच्या जागा पुढे भरल्याच गेल्या नाहीत.

पण संगणकाआधीचं बॅलन्सिंग ज्याने केलंय तो हळहळणार नाही. लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची हाताने बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. फरक एक रुपयाचा असो की एक लाखाचा, शोधायचं तितकंच. फरक नऊने भागला गेला तर आकडे उलटे लिहिलेत हे आम्ही झोपेतही सांगायचो. तेव्हा बँकेचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं, त्यामुळे थर्टीफर्स्टला आमच्या घरी कोणी आमची वाट पाहायचं नाही. जून आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक बचत खात्याचं व्याज हाताने. यंत्राने ते गिळलं, उत्तम झालं.

एक मात्र तुमच्या बाजूने सांगतो. पितळी टोकन घेऊन बसलेला खातेदार फॉर्म भरता येत नसेल तर खिडकीशी यायचा आणि आम्ही भरून द्यायचो. आता तो फॉर्म त्याच्या मोबाइलवर आहे आणि खिडकीत कोणी नाही. तुम्ही म्हणता तसं काम सरकलं ते इथे, आणि ज्याला सगळ्यांत कमी जमतं त्याच्या अंगावर सरकलं.

---

चष्मेबद्दूर

वाचतोय. ट्रेडलवाले काका, फोटो असतील तर टाका.

---

घरची_डीटीपीवाली

काका, तुमचं सगळं पटलं, पण एक गोष्ट तुमच्या लेखात नाही. तुमच्या छापखान्यात जुळारी बाई किती होत्या?

मी मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या (मिनिटाला इतके शब्द) परीक्षा दिल्या त्या टाइपरायटरवर. इन्स्टिट्यूटमध्ये एका वेळी दहाबारा यंत्रं खडखडायची, कार्बन घालून चार प्रती काढायच्या, खालची प्रत वाचता येत नाही म्हणून ओरडा खायचा. स्टेन्सिल कापताना चूक झाली तर गुलाबी द्राव लावून वाट बघत बसायचं. लग्नानंतर ती नोकरी सुटली. मुलगा लहान असताना कर्ज काढून पीसी घेतला आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत डीटीपी सुरू केलं. पानाच्या दराने. दिवाळी अंकाच्या आधीचे दोन महिने झोप नाही. खिळ्यांच्या काळात असं घरी बसून काम कोणी मला दिलं असतं? शिशाच्या धुळीत उभं राहायला कोणी बोलावलं असतं? माझ्या ओळखीतल्या निम्म्या डीटीपी करणाऱ्या बायकाच होत्या. आमच्यासाठी पीसी म्हणजे घरात आलेली मजुरी.

आता दुसरी बाजू. मुद्रितशोधकाचं काम कोणाच्या नावावर राहिलं नाही म्हणता ना, ते आमच्या नावावर नव्हतं पण आम्हीच केलं. हस्तलिखितात एका पानावर 'आशीर्वाद' आणि पुढच्या पानावर 'आशिर्वाद' असला की हात आपोआप थांबतो. एका लेखकाच्या कादंबरीत नायिकेच्या आईचं नाव मध्येच बदललं होतं, ते मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही फक्त टाइप करा." दुसऱ्या आवृत्तीत मात्र नाव दुरुस्त होऊन आलं. पानाचा दर तोच. पुस्तकात अक्षरजुळणी म्हणून नाव छापतात, तेवढं मात्र काही प्रकाशकांनी नेमाने छापलं. ती पुस्तकं मी वेगळी ठेवली आहेत.

---

ट्रेडलवाला

@घरची_डीटीपीवाली, ताई, आमच्याकडे खिळ्यांवर एकही बाई नव्हती. बायंडिंगला होत्या, फर्म्याच्या घड्या घालायला, आणि त्यांची मजुरी सगळ्यांत कमी. तुमचा प्रतिसाद खरं तर स्वतंत्र धागा म्हणून यायला हवा.

@निवृत्त_कॅशियर, नऊने भागायची युक्ती आमच्या हिशेबनीसालाही माहीत होती. पुढे सगळे टॅलीवर गेले आणि ती युक्ती सांगणारा माणूस कोणाला लागेना.

---

अर्धा_र

मी मुद्रितशोधक. अजून जिवंत आहे, शीर्षकात घाईने मारू नका.

नजर गेली हा मुद्दा बरोबर, पण पीसीने मराठी अक्षरालाच धक्का दिला त्याबद्दल कोणी बोलत नाही. पीसीवर पहिल्यांदा आलेल्या एकेका फॉन्टला सगळे मिळून २५६ खण. त्यातलेही सगळे वापरता येत नाहीत. शेकडो खिळ्यांची भाषा तेवढ्यात बसवायची तर अक्षरांचे तुकडे करावे लागतात: दांडी वेगळी, पोट वेगळं, वेलांटी वेगळी. कुठल्या खणात कुठला तुकडा ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. म्हणून एकाची फाइल दुसऱ्याच्या पीसीवर उघडली की ती मराठी राहायचीच नाही, रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसायचा.

त्या तुकड्यांत सगळ्यांत जास्त हाल झाले आमच्या अर्ध्या र चे. 'आचार्यांना जेवायला बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलावलं' यात कोण जेवणार आणि कोण रांधणार हे त्या एका चिन्हावर ठरतं. दर्या आणि दऱ्या, तीच गत. हिंदीला या चिन्हाची गरज नाही, मराठीला आहे. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हे शब्द त्याशिवाय लिहिताच येत नाहीत. काही जुन्या फॉन्टमध्ये ते चिन्ह अशा कोपऱ्यात होतं की ऑपरेटरला सापडायचं नाही आणि तो रफार देऊन मोकळा व्हायचा.

दुसरं, ल आणि श. मराठी वळणाचा ल गोलाईचा, दोन पाकळ्यांचा. श ला वर गाठ. संगणकाबरोबर फुकट येणाऱ्या बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला, तरीही मुलं पडद्यावर एक ल बघतात आणि पाटीवर दुसरा गिरवतात. 'ॲ' तर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात) २००८ साली आला. तोवर अ‍ॅपलमधला 'अॅ' आपण अ वर चंद्र चिकटवून चालवत होतो, आणि तसा लिहिलेला शब्द शोधला तर सापडत नाही.

हे तपशील किरकोळ वाटतील. आमचं पोट यावरच चालतं.

---

कोडकीटक

अर्धा_र यांच्या प्रतिसादाला +१, पण चित्र तेवढंच नाही.

फॉन्टवाल्यांच्या गोंधळाला समांतर पुण्यातच दुसरा रस्ता चालू होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं, म्हणजे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं, काम १९८८ मध्ये सीडॅक या सरकारी संगणक संस्थेबरोबर पुण्यात आलं. पीसीत एक कार्ड घालायचं की डॉसवर भारतीय लिप्या चालायच्या. त्यामागची कल्पना फार सुंदर होती: साठवायचा तो उच्चार, आकार नंतर काढायचा. १९९१ चं इस्की हे मानक त्यावरच उभं आहे. सगळ्या भारतीय लिप्यांत 'क' चा क्रमांक एकच, त्यामुळे देवनागरीत लिहिलेलं नाव बटण दाबून गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दिसायचं. इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्याच विचाराचा, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. युनिकोडने देवनागरीचा तक्ता बराचसा इस्कीतूनच घेतला. ऑपरेटरला सापडत नव्हता तो अर्धा र इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र दाबला की मिळतो, पुढे हलन्त आणि य किंवा ह.

मग छपाईने हे का घेतलं नाही? कारण छापखान्याला फक्त कागद हवा होता. कागदावर अक्षर नीट उमटलं की काम झालं, आत काय साठवलंय याच्याशी देणंघेणं नाही. त्याची किंमत आता मोजतोय. नव्वदच्या दशकातली हजारो मराठी पानं अशा फाइलींत आहेत की त्यांत 'शिवाजी' शोधून शिवाजी मिळत नाही.

विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठी आली. एक्सपीमध्येही ती आपोआप चालू नव्हती. सेटिंगमध्ये खूण करायची, मग ती सीडी मागायची, आणि सीडी ज्याने पीसी जुळवून दिला त्याच्याकडे. त्यामुळे कित्येक घरांत बरीच वर्षं मराठी म्हणजे चौकोनी डबे. विंडोजबरोबर आलेला देवनागरी मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी मराठी, मुंबईचे, सुलेखनातला मोठा माणूस. तेवढं तरी श्रेय पदरात घ्या.

आणि काका, एक प्रामाणिक प्रश्न. तुमच्या दोन नजरांच्या काळात पुस्तक छापणं किती जणांना परवडत होतं? माझ्या आजीने ओव्या लिहून ठेवल्या होत्या, आत्याने त्या पीसीवर टाइप करून स्पायरल बांधून सगळ्या भाचरांना वाटल्या. चुका भरपूर आहेत. पण खिळ्यांच्या काळात त्या वहीला कोणी दारात उभं केलं असतं का?

---

जर्सीकर

आमच्याकडे न्यू जर्सीत तर अक्षरांचा प्रश्नच नव्हता, कारण अक्षरंच नव्हती. नव्वदच्या दशकात सगळं मराठी रोमनमध्ये. मंडळाच्या गणपतीचं पत्रक आयट्रान्समध्ये टाइप करून देवनागरीत छापायचो आणि ते बघून लोकांना भरून यायचं. रोमनमधून फोनेटिक लिहायची सवय लागली ती आजतागायत. इनस्क्रिप्ट जास्त शास्त्रीय आहे हे मान्य, पण माझी बोटं आता ऐकत नाहीत.

---

पंचांगपुरुष

अवांतर: जत्रेतल्या 'संगणकीय कुंडली'ला कोणी विसरू नये! आमच्या गावच्या यात्रेत पाळण्याशेजारी तंबू, आत पीसी, डॉट मॅट्रिक्सचा करकर आवाज आणि बाहेर रांग. तोच ज्योतिषी हाताने गणित करायचा तेव्हा लोक घासाघीस करायचे. कागद यंत्रातून बाहेर यायला लागल्यावर मुकाट पैसे देऊ लागले. जन्मवेळ अंदाजे सांगितलेली असायची, पण उत्तर अंश-कला-विकलांपर्यंत. संगणकावरच्या विश्वासाबद्दल यापेक्षा जास्त काय सांगू.

---

ट्रेडलवाला

@पंचांगपुरुष, हसून मेलो. कचेरीतही तेच. हाताने लिहिलेला आकडा साहेब तपासायचे, प्रिंट निघाली की सही.

@कोडकीटक, नसतं उभं केलं. वडिलांनी तर "आधी कागदाचे पैसे ठेवा" म्हटलं असतं. तुमच्या आजीच्या ओव्या स्पायरलमध्ये का होईना आल्या, याचा मला आनंदच आहे, आणि त्यात चुका असल्या तरी त्या घरच्या माणसांना अडत नाहीत. माझी तक्रार घरातल्या वहीबद्दल नाही. पाठ्यपुस्तक, शासकीय पत्रक, शहराच्या चौकातला फलक, पैसे घेऊन विकलेलं पुस्तक, इथे तपासणारा माणूस नेमायला पैसे आहेत आणि नेमला जात नाही. संगणकावर केलंय म्हणजे तपासलेलंच आहे, असं धरून चालतात. सॉफ्टवेअरने शब्दाखाली लाल रेघ दिली नाही म्हणून 'आचार्यांना' बरोबर ठरत नाही, दोन्ही शब्द कोशात आहेत.

---

घरची_डीटीपीवाली

आणि मराठीत लाल रेघ बहुतेक ठिकाणी सगळ्याच शब्दांखाली येते, त्यामुळे लोक ती बंद करून टाकतात. :)

---

अर्धा_र

नेमायला पैसे आहेत हे तुम्ही लिहिलंत, त्याची प्रिंट काढून दोन प्रकाशकांना पाठवतो.

---

सातारी_कंदी

उशिरा आलो. कामाचा प्रश्न आहे. वडिलांनी गावाचा इतिहास लिहिला होता, १९९८ च्या आसपास छापला. डीटीपीवाल्याने तेव्हा दिलेली सीडी सापडली, पेजमेकरची फाइल आहे. दुकान बंद झालंय. फाइल उघडली तर सगळं अगम्य. प्रती घरात दोनच उरल्यात, परत छापायचंय. पुन्हा सगळं टाइप करावं लागेल का?

---

कोडकीटक

नाही लागणार. आधी फाइलमध्ये फॉन्टचं नाव काय दाखवतोय ते बघा, अगम्य दिसलं तरी नाव वाचता येतं. त्या नावावरून कुठल्या संचाचा आहे ते कळेल आणि त्या संचाचा युनिकोड परिवर्तक वापरायचा. पेजमेकरमधून मजकूर साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढा, प्रकरणाप्रमाणे वेगवेगळा. सगळा एकदम काढला तर तळटीपा मध्येच घुसतील.

परिवर्तनानंतर तीन ठिकाणी हमखास गडबड होते. ऱ्हस्व वेलांटी, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर असलं की ती भलतीकडे बसते. रफार, तो उलट, आधी जायला हवा. आणि अर्धा र.

---

अर्धा_र

इतिहास आहे म्हणजे सनावळ्याही तपासा. काही फॉन्टमध्ये देवनागरी आकडे वेगळ्या खणांत असायचे, परिवर्तनात ५ आणि ८ ची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. छापील प्रत समोर ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. घरातली दोन माणसं बसली तर होईल.

---

घरची_डीटीपीवाली

सातारीकर, फॉन्टचं नाव कळलं की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नव्वदच्या दशकातले बरेच संच मी वापरलेत, जुना पीसी लॉकसकट अजून चालू आहे. त्यावर फाइल जशीच्या तशी उघडली तर निदान पीडीएफ काढून देता येईल, म्हणजे ताडून बघायला सोपं. आणि हो, यावेळी पानाचा दर ठरवूनच काम घेईन.

---

सातारी_कंदी

ताई, दर तुम्ही सांगाल तो. सीडी उद्याच कॉपी करून घेतो, एका बाजूला ओरखडा आहे. फॉन्टचं नाव संध्याकाळी टाकतो.